ठेक्यावरचा इको : किंग्स्टनच्या चार ट्रॅकांतून आलेली रीत

स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या खणखणीत ड्रमच्या) एकाच टोल्यावर इको, म्हणजे पडसाद, सोडायचा आणि बाकीचे टोले कोरडे ठेवायचे, हे आज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकचे काम आहे. ही रीत रुजली ती जमैकात, टेपवर जागा कमी होती म्हणून.

टेपचा इको त्याहून जुना. 1950च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत दुसऱ्या टेपयंत्राच्या मदतीने आवाजाला एक झटपट पडसाद देत. टेपवर आवाज नोंदणारे आणि तो वाचणारे अशा दोन हेडांमधले अंतर 2 इंच आणि टेपचा वेग सेकंदाला 15 इंच असेल, तर पडसाद सुमारे 133 मिलिसेकंदांनी येतो. वेग निम्मा केला की उशीर दुप्पट.

किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात ऑस्बोर्न रडक ऊर्फ किंग टबी यांनी 1970च्या दशकात हेच तंत्र ड्रमवर आणले. मूळचे ते इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे. त्यांचा स्टुडिओ इतका लहान की तिथे अख्खा बँड बसणे शक्यच नव्हते. दुसरीकडे रेकॉर्ड झालेल्या टेप तिथे मिक्सिंगला येत. चार ट्रॅकांच्या, म्हणजे आवाजाचे चारच वेगळे पट्टे असलेल्या, अशा टेपवर सगळा ड्रम बहुधा एकाच ट्रॅकवर असे. किक (पायाने वाजणारा खर्जातला ड्रम), स्नेअर, हाय-हॅट (झांजांची जोडी) वेगळे काढायची सोयच नाही. मग उरतो हात: स्नेअर पडायच्या क्षणी इकोकडे जाणारा नॉब उघडायचा, लगेच बंद करायचा. जरा उशिरा बंद केला तर पुढची किकही आत शिरते आणि दर आवृत्तीगणिक खालचा आवाज गढूळ होत जातो. त्यांच्या एमसीआय मिक्सरवरचा हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे स्वर गाळणारी सोय, इथे कामी येई. 70 हर्ट्झपासून 7.5 किलोहर्ट्झपर्यंत तो टप्प्याटप्प्याने चढे. वर नेला की किक गळून पडते, उरते फक्त झांजेची सळसळ.

जमैकाचेच निर्माते ली पेरी यांच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत रोलंड कंपनीचा स्पेस इको होता. 1974 साली आलेल्या या यंत्रात तीन प्लेबॅक हेड आणि स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून येणारा घुमारा). टेपची पट्टी रिळाशिवाय मोकळी फिरते. ती झिजली किंवा रबरी रोलर मळला की पडसादाचा सूर डगमगतो. डबमध्ये, म्हणजे तयार टेपचे असे नव्याने मिक्सिंग करून घडणाऱ्या जमैकन संगीतात, हा डगमगाट लोकांना आवडला, हे आपले नशीबच.

आज हेच करायचे तर आधी गणित. 60,000 भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. 75 बीपीएमला 800. अर्ध्या मात्रेचा, म्हणजे 400चा इको लावला तर पडसाद नेमका हाय-हॅटच्या टोल्याखाली दडतो. 600 लावा: पहिला पडसाद दोन टोल्यांच्या मधल्या रिकाम्या जागी पडतो, म्हणून स्पष्ट ऐकू येतो. इको सेंडवर, म्हणजे मूळ आवाजाची प्रत जाते त्या वेगळ्या वाटेवर, ठेवा, 100 टक्के वेट (नुसता पडसाद, मूळ आवाज नाही). सेंडचे ऑटोमेशन (सॉफ्टवेअरने आपोआप फिरणारा नॉब) फक्त त्या टोल्यापुरते उघडा. परतीचा आवाज स्वतंत्र चॅनलवर घेतला तर फेडरने (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या बटणाने) तो मधेच कापता येतो.

फीडबॅक, म्हणजे पडसादाचा पुन्हा इकोत जाणारा भाग, 40 टक्क्यांच्या आसपास पुरे. टेपवर प्रत्येक फेरीत तीव्र स्वर झिजत, त्यामुळे आवृत्त्या आपोआप मागे सरत. डिजिटल इकोत तसे होत नाही; पाचवा पडसादही पहिल्याइतकाच टोकदार राहतो आणि खऱ्या स्नेअरशी भांडतो. म्हणून 3 ते 4 किलोहर्ट्झचा लो-पास (त्यावरचे स्वर गाळणारा फिल्टर) फीडबॅकच्या फेऱ्यातच बसवायचा. नुसता बाहेर लावला तर सगळे पडसाद सारखेच मंद होतात.