‘हा आकडा असा का?’ : श्वसनोपचारातल्या एका सवयीची पार्श्वभूमी

२१ एप्रिल २०२१. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. नंतर बोलणं झालं ते बहुतेक टाकीचं आणि तिच्या देखभालीचं. ते व्हायलाच हवं होतं. पण खाटेपाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला, सिस्टरला अशा वेळी काय सुचावं, हे आपण त्यांना कधी शिकवलं का, हा प्रश्न मागेच राहिला.

श्वसनोपचारात, म्हणजे रुग्णाचा श्वास यंत्राने किंवा हाताने चालू ठेवण्याच्या कामात, ‘हा आकडा असा का?’ असं विचारायच्या सवयीची मुळं १९५२ च्या कोपनहेगनमध्ये आहेत. पोलिओची भयंकर साथ होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. रक्ततपासणीत कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसे. रक्तात अल्कली वाढली, असा त्याचा अर्थ डॉक्टर लावत. ऑक्सिजन चालू असल्याने रुग्ण गुलाबी दिसत आणि तरीही मरत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी त्याच आकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. हा वायू बाहेरच पडत नाहीये, म्हणजे फुप्फुसं पुरेशी हलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. २७ ऑगस्टला त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देववून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. मुलगी वाचली. पुढे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आजचा आयसीयू तिथून सुरू झाला. तपासणी जुनीच होती, आकडाही तोच. बदलला तो त्याचा अर्थ.

१९५६ मध्ये अंबू बॅग आली, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. ती आपोआप फुगते, त्यासाठी दाबाखालचा वायू लागत नाही. ऑक्सिजनची लाइन बंद पडली तरी हातात काहीतरी उरतं ते हिच्यामुळे. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण (सॅच्युरेशन) दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. कोविडात तो घरोघरी पोचला, आणि ‘सॅच्युरेशन किती?’ हे वाक्य नाशिकच्या गल्लीबोळांत ऐकू येऊ लागलं. पण बोटावरचं यंत्र कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. ऑक्सिजन लावलेल्या, गुंगीत जाणाऱ्या दम्याच्या रुग्णाचं सॅच्युरेशन ९८ असू शकतं. कोपनहेगनची चूक आपण आजही करू शकतो, तीही हिरव्या आकड्याकडे बघत.

२००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीने आणखी एक सवय मोडली. फुप्फुसं गंभीर सुजलेल्यांना मोठे श्वास देण्यापेक्षा छोटे दिले, तर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. श्वासाचं माप ठरतं उंचीवरून, काट्यावरच्या वजनावरून नव्हे. कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही.

आपल्याकडे हे काम बराच काळ ‘मशीन बघणारा मुलगा’ या नावाखाली चाललं. तंत्रज्ञ, थेरपिस्ट अशा सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा २०२१ मध्ये झाला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय तर नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. अभ्यासक्रमात व्हेंटिलेटरच्या, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राच्या, अलार्मची यादी पाठ करून घेणं सोपं असतं. अलार्म वाजला तर नळी सरकली का, कफाने तुंबली का, फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठली का, की यंत्रच बिघडलं, हा क्रम दहा सेकंदांत डोक्यात चालवायला वेगळी तालीम लागते. त्याहून अवघड म्हणजे ‘सर, मला हे पटत नाहीये’ असं रात्रपाळीत वरिष्ठांना फोनवर सांगणं. खरी कमतरता मला तिथे दिसते. मुलांना कळत नाही असं नाही, बोलायची सवय कुणी लावलेली नसते.

म्हणून शिकवताना मी टेलरची टेप सोबत ठेवते. केसपेपरवर बाईंचं वजन ८० किलो लिहिलेलं असतं आणि कुणीतरी किलोमागे सहा या हिशेबाने ४८० मिलिलिटरचा श्वास लावलेला असतो. मुलं टेप लावतात. उंची १५७ सेंटिमीटर भरते, हिशेब पन्नास किलोचा निघतो. मग कुणीतरी हळूच म्हणतं, “मॅडम, तीनशेच हवं ना?”