बीटी कपाशीचा फायदा आणि एका आकड्याचा प्रवास : पार्श्वभूमी

बीटी कपाशीने, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीने, शेतकऱ्याच्या पदरात नेमकं काय टाकलं, यावर भरपूर अभ्यास झाले. पण सभागृहात, अग्रलेखात आणि कृषी मेळाव्याच्या मंचावर सर्वांत जास्त फिरला तो एकच आकडा : उत्पादनात ८० टक्के वाढ. एका प्रतिष्ठित अमेरिकी विज्ञान नियतकालिकात तो फेब्रुवारी २००३ मध्ये छापून आला. देशात बीटीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. म्हणजे पहिल्या हंगामाचा कापूस अजून पुरता विकलाही गेला नव्हता.

हा आकडा होता २००१ च्या चाचण्यांचा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तमिळनाडूतली १५७ शेतं, प्रत्येक शेतात शेजारी-शेजारी तीन छोटे प्लॉट : बीटी वाण, तोच वाण बीटीविना, आणि त्या भागात चालणारा वाण. चाचण्या बियाणे कंपनीने घेतलेल्या, माहितीही तिचीच. दोन अर्थतज्ज्ञांनी तिचं विश्लेषण केलं. लपवाछपवी काही नव्हती. त्या वर्षी बोंडअळीचा जोर जास्त होता, हेही लेखात होतं. पुढे आकडा तेवढा फिरला, अटी मागे राहिल्या.

त्याच अभ्यासगटाने नंतर खऱ्या शेतकऱ्यांच्या शेतावर जाऊन सर्वेक्षण केलं, तेव्हा पहिल्या हंगामासाठी चार राज्यांत मिळून सरासरी वाढ ३४ टक्के निघाली. आंध्रात तर किंचित घटच दिसली. २०१२ मध्ये, तेच शेतकरी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा गाठून केलेल्या अभ्यासात एकरी वाढ २४ टक्क्यांवर आली, नफ्यातली वाढ ५० टक्के. पद्धत जसजशी घट्ट होत गेली तसतसा आकडा उतरला. शास्त्र म्हणून हे चांगलंच आहे. पण २४ टक्क्यांसाठी कुणी मेळावा भरवल्याचं ऐकिवात नाही.

वादाची खरी गाठ तुलनेत आहे. बीटीचं ४५० ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या घरात होतं, बिगरबीटीच्या तिप्पट-चौपट. ते आधी घेतलं कुणी? ज्याच्याकडे विहीर होती आणि हाती पैसा खेळता होता त्याने. आणि टोबलं कुठे? विहिरीजवळच्या काळ्या भारी रानात. बरडावर जुनंच बियाणं पडलं. महागाच्या पाकिटाला खताची मात्रा जास्त, निंदण वेळेवर, फवारणीवर नजर. मग दोन्हींचं उत्पादन ताडून पाहिलं, तर फरक बियाण्याचा किती, पाण्याचा किती आणि जमिनीचा किती? शेतकऱ्या-शेतकऱ्यातला कायमचा फरक आकडेशास्त्राने बाजूला काढता येतो आणि २०१२ च्या अभ्यासाने तो काढला. एकाच शेतकऱ्याने बीटीच्या तुकड्याचे जास्त लाड केले, तर मात्र ते गणितातून वेगळं काढणं अवघड. कोरडवाहू विदर्भात हा प्रश्न पुस्तकी नाही.

दुसरी वाट मानववंशशास्त्राची. २००७ मध्ये वरंगल भागातल्या एका अभ्यासाने दाखवलं की, शेतकरी बियाणं पारखून नव्हे तर लाटेवर निवडतात. गावात यंदा एका ब्रँडचं नाव, पुढच्या वर्षी दुसऱ्याच. वाण समजून घ्यायला तो दोन-तीन हंगाम टिकावा तर लागतो. धोरणावर या कामाचा परिणाम त्यामानाने फारच थोडा झाला. त्यातून घोषणेला पुरेल असा आकडा निघत नाही, हे एक कारण असावं.

मग २०२० चा लेख, वीस वर्षांची आकडेवारी एकत्र मांडणारा. देशातली रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास होती, २००७-०८ मध्ये साडेपाचशेवर गेली आणि नंतर अडखळली. २००४-०५ मध्येच ती ४७० च्या घरात होती आणि बीटीखालचं अधिकृत क्षेत्र तेव्हा सहा टक्क्यांच्याही खाली. गुजरातेतलं बेकायदा बीटी धरलं तरी सगळी वाढ बीटीच्या खात्यावर टाकता येत नाही. सिंचन, खत आणि नवी कीटकनाशकं यांचाही वाटा होताच. त्याच लेखाप्रमाणे कीटकनाशकांवरचा खर्च आधी घटला, मग रसशोषक किडी आणि गुलाबी बोंडअळीमुळे बीटीपूर्व काळाच्याही वर गेला.

गुलाबी बोंडअळीचा बीटीला प्रतिकार गुजरातेत २०१० च्या सुमारास नोंदला गेला होता. विदर्भ-मराठवाड्यात २०१७ ला तडाखा बसला. डोमकळ्या (अळी लागून न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसेपर्यंत उशीर झालेला, बोंड वरून साजरं, फोडलं की आत अळी आणि किडका, डागी कवडी कापूस. दोष फरदडीला, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक लांबवून ठेवण्याला, दिला गेला आणि तो काही अंशी खराच. अळीत बीटीचा प्रतिकार लवकर वाढू नये म्हणून पाकिटासोबत येणारं १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं कडेने लावायचं होतं. बहुतेकांनी ते नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरलं किंवा फेकलं. पण रानाची कड कमी उत्पन्नाला वाहून टाकायला कुणाला कसं परवडेल, हा हिशेब फायद्याच्या अभ्यासांत फारसा आला नाही.

आता वाद एचटीबीटीचा, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बीटी कपाशीचा. कंपनीने अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला, परवानगी आजही नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर इथे शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरलं. निंदणाची मजुरी वाचते, हे पेरणारे सांगतात आणि ते खरंही असेल. पण बियाणं पाकिटावर नाव नसलेलं, बिल नसलेलं; पेरलं म्हणून सांगितलं तर गुन्हा दाखल होण्याची भीती. अशा शेतकऱ्याला पाच वर्षं वहीत नोंदी ठेवायला कुठला संशोधक लावणार?