टीव्हीवरचा दोर आणि तुमचा दोर: बसवून घेण्याआधी वाचा

चढायचा दोर बसवून घ्यायला येणारे बरेच ग्राहक आधी मोबाइलवर ‘अमेरिकन निंजा वॉरियर’ या टीव्हीवरच्या स्पर्धेचा व्हिडिओ दाखवतात. लास वेगासमधला उंच मनोरा, त्यावरून सोडलेला जाड दोर, खाली गर्दी आणि बाजूला धावणारं घड्याळ. ‘आमच्या जिममध्ये असाच लावा,’ अशी मागणी असते. आम्ही जरूर लावू, पण त्या दोराबद्दल आणि तुमच्या दोराबद्दल थोडं आधी बोलायला हवं.

टीव्हीवरचा हा खेळ मूळचा जपानचा. ‘सासुके’ ही अडथळ्यांची स्पर्धा तिथे 1997 मध्ये टीव्हीवर सुरू झाली. पहिल्या काही पर्वांत शेवटचा टप्पा अगदी साधा होता: 15 मीटर दोर आणि 30 सेकंद. 1999 मध्ये काझुहिको आकियामा हे खेकडे पकडणारे मच्छीमार चारही टप्पे पार करणारे पहिले स्पर्धक ठरले. पुढे या टप्प्यात दोराच्या आधी दोन भिंतींमध्ये हातपाय रोवून वर सरकण्याची भर पडली. ‘अमेरिकन निंजा वॉरियर’ या अमेरिकी आवृत्तीत मात्र दोरच राहिला, फक्त उंची 75 फूट झाली. वेळ तेवढाच, 30 सेकंद. 2015 मध्ये जेफ ब्रिटन आणि आयझॅक काल्डिएरो असे दोघे एकाच पर्वात वर पोचले. ब्रिटनला 29.65 सेकंद लागले आणि काल्डिएरोला 26.14. साडेतीन सेकंदांच्या या फरकावर दहा लाख डॉलर काल्डिएरोला मिळाले.

75 फूट 30 सेकंदांत म्हणजे सेकंदाला अडीच फूट, तेही आधीच्या टप्प्यात लोंबकळून पंजे थकल्यावर. कमरेला सुरक्षा दोर बांधलेला असतो, त्यामुळे हात सुटला तरी माणूस जमिनीवर आदळत नाही. तुमच्याकडे बहुधा फक्त गादी असेल. म्हणून घरासाठी किंवा छोट्या जिमसाठी आम्ही 12 ते 15 फुटांपेक्षा जास्त उंची सुचवत नाही. त्याहून वर जायचं असेल, तर हार्नेस, सुरक्षा दोर आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस हवाच. याबाबतीत आम्ही तडजोड करत नाही. ऑर्डर गेली तरी चालेल.

आता चढण्याबद्दल. नवशिक्यांना वाटतं की हा दंडाच्या ताकदीचा खेळ आहे. तशी उदाहरणं नाहीत असं नाही. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये जॉर्ज आयझर यांनी डावा पाय लाकडाचा असताना दोर चढण्याचं सुवर्णपदक जिंकलं. पण सामान्य माणसाचं आधी मनगटापासून कोपरापर्यंतचं बळ संपतं. मूठ सतत आवळलेली राहिली की तिथल्या स्नायूंत रक्त नीट फिरत नाही, बोटं आपोआप उघडू लागतात आणि तेव्हा माणूस नेमका सर्वांत वर असतो. म्हणून चढायचं पायांनी. हातांनी फक्त धरायचं.

पद्धत अशी. दोर उजव्या पायाच्या बाहेरून खाली सोडा. डाव्या पावलाने तो खालून उचलून उजव्या तळव्याखाली घ्या आणि उजवं पाऊल डाव्यावर घट्ट दाबा. दोर मध्ये अडकला की त्यावर उभं राहता येतं. उभं राहा, हात वर सरकवा, गुडघे छातीकडे ओढा, पुन्हा अडकवा. हे आधी जमिनीलगत, बाकावर बसून जमवा. दोरीचा मल्लखांब केलेल्यांना पायांचं महत्त्व सांगावं लागत नाही, पण त्यांनाही सवय बदलावी लागते. मल्लखांबाची दोरी बारीक, सुती असते आणि पायाचा अंगठा व शेजारचं बोट यांत धरता येते. आमचा 38 मिलिमीटरचा दोर तसा धरता येत नाही, आणि इथे बूट घालूनच चढावं.

उतरणं शिकल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नका. हात एकाखाली एक ठेवत, पायांची पकड थोडी सैल करत यायचं. सर्रकन घसरत आलं तर तळहाताची आणि पोटऱ्यांची साल निघते. लांब मोजे किंवा पूर्ण पँट घाला.

दोर कोणता घ्यावा? मनिला हा नैसर्गिक धाग्याचा दोर तागासारखा खरखरीत, पकड उत्तम, पण ओल सोसत नाही. पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नका. सुती हाताला मऊ असतो, मुलांसाठी बरा, मात्र घाम शोषून गुळगुळीत होतो. कृत्रिम धाग्याचा पावसात टिकतो, पण थोडा निसरडा लागतो. बंदिस्त जागेसाठी आम्ही मनिलाच देतो.

दोर कशाला टांगायचा, हे जागा पाहिल्याशिवाय आम्ही सांगत नाही. पंख्याचा हूक किंवा पत्र्याच्या शेडचा बारीक पाइप चालणार नाही. चढणारा हिसके देतो तेव्हा त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार वरच्या टोकावर येतो. तेच टोक दर महिन्याला शिडी लावून तपासा: पीळ उकलला आहे का, धागे तुटले आहेत का, लोखंडी कडीपाशी दोर घासून बारीक झाला आहे का. यातलं काहीही दिसलं, तर त्या दिवसापासून दोर वापरणं बंद करा आणि आम्हाला फोटो पाठवा.