अप्रचलित नोटा व स्क्रिप, अमेरिकन : संग्रहण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साधारणतः १७८२ ते १८६६ या काळात राज्यांच्या सनदेवर चालणाऱ्या बँकांनी काढलेल्या नोटा, तसेच व्यापारी, कालवा व रेल्वे कंपन्या, खाणी, लाकूड कंपन्या आणि नगरपालिका यांनी चलन म्हणून फिरवलेल्या चिठ्ठ्या शोधणे, त्यांची सूची करणे व त्या जतन करणे, हा नाणकशास्त्राचा एक उपविभाग. पहिल्या प्रकाराला संग्राहक अप्रचलित नोटा म्हणतात, दुसऱ्याला स्क्रिप. संघराज्य सरकारने १८६१ पासून काढलेल्या नोटा आजही दर्शनी किमतीला वटतात. अप्रचलित नोटांमागे असे कोणतेही देणे उरलेले नाही. कालमर्यादेची सुरुवात फिलाडेल्फियाच्या बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेपासून (१७८२) धरतात आणि शेवट राज्य बँकांच्या नोटांवरील कर लागू झाला तेथे. ही मर्यादा सूचीकारांच्या सोयीची आहे. स्क्रिपला ती लागू पडत नाही, कारण खाणकंपन्यांच्या दुकानी चिठ्ठ्या विसाव्या शतकातही चालू होत्या.

कायदेशीर पाया : संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमाने राज्यांना नाणी पाडण्यास व पतपत्रे (सरकारच्या पतीवर चालणारे कागदी चलन) काढण्यास मनाई केली. मात्र राज्याने सनद दिलेल्या खाजगी मंडळीने नोटा काढाव्यात की नाही, याविषयी संविधानात काही नव्हते. मिसूरी राज्याने स्वतः कर्जप्रमाणपत्रे काढली, ती सर्वोच्च न्यायालयाने १८३० मध्ये (क्रेग विरुद्ध मिसूरी) अवैध ठरवली. पुढे १८३७ मध्ये ब्रिस्को खटल्यात केंटकी राज्याच्या पूर्ण मालकीच्या बँकेच्या नोटा मात्र वैध ठरल्या. न्यायमूर्ती स्टोरी यांनी याला विरोधी मत नोंदवले होते. जे राज्याला थेट करता येत नाही ते त्याने बँकेच्या हातून करून घेतले, असाच त्या निकालाचा व्यवहारातला अर्थ झाला आणि स्टोरींचा आक्षेप तर्काच्या दृष्टीने अधिक बळकट वाटतो. पहिल्या (१७९१–१८११) व दुसऱ्या (१८१६–३६) युनायटेड स्टेट्स बँकेने राज्य बँकांवर थोडाफार वचक ठेवला होता. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये सनदेच्या नूतनीकरणाचे विधेयक नाकारले आणि मुदत संपताच तोही वचक गेला. १८६० च्या सुमारास देशात दीड हजाराहून अधिक राज्य बँका होत्या. प्रत्येकीच्या नोटा वेगळ्या आणि प्रत्येकीच्या अनेक किमतींच्या.

'वाइल्डकॅट' बँकांचा प्रश्न : 'वाइल्डकॅट' म्हणजे नोटा वटवण्याइतकी रोकड वा खरे तारण नसताना नोटा काढणाऱ्या बँका. मिशिगनने मार्च १८३७ मध्ये आणि न्यूयॉर्कने एप्रिल १८३८ मध्ये 'मुक्त बँकिंग' कायदे केले. त्यांनुसार विधिमंडळाकडून स्वतंत्र सनद न आणता ठरावीक तारण ठेवून कोणालाही बँक उघडता येई. मिशिगनचा कायदा होतो न होतो तोच मे १८३७ च्या आर्थिक अरिष्टात देशभरच्या बँकांनी सोन्याचांदीत भरणा करणे थांबवले. त्यामुळे नोट वटवण्याची जबाबदारी न घेताही नोटा काढण्याची मुभा नव्या बँकांना मिळाली. तारण म्हणून रानातल्या जमिनी मनमानी किमतीला दाखवल्या गेल्या. तपासनीस येण्याआधी तीच रोकड एका बँकेतून दुसरीत पोचवली जाई. वर नाण्यांचा थर आणि खाली खिळे व काचेचे तुकडे भरलेल्या पेट्यांची हकीकतही याच राज्यातली आहे. कालामाझू नदीच्या मुखाशी वसलेल्या सिंगापूर नावाच्या गावच्या बँकेच्या नोटा याच लाटेतल्या. ते गाव पुढे जंगलतोडीनंतर वाळूच्या टेकड्यांखाली गेले. नोटा मात्र अजून मिळतात आणि गावाच्या नावामुळे त्यांना गिऱ्हाईकही आहे.

अशा हकीकतींवरून सबंध कालखंडच लबाडीचा ठरवण्याची जुन्या लेखकांची पद्धत होती. अर्थशास्त्रज्ञ ह्यू रॉकॉफ यांनी १९७० च्या दशकात हा प्रश्न नव्याने मांडला. त्यांच्या मते वाइल्डकॅट प्रकार मुख्यतः जेथे तारणाचे रोखे बाजारभावाऐवजी दर्शनी किमतीला स्वीकारले जात, तेथेच फोफावला. मिनीआपोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील आर्थर रोलनिक व वॉरन वेबर यांनी १९८० च्या दशकात न्यूयॉर्क, इंडियाना, विस्कॉन्सिन व मिनेसोटा येथील हिशेब तपासले. बुडालेल्यांपैकी बहुतेक बँका राज्यांच्या रोख्यांचे भाव कोसळल्याच्या काळात बुडाल्या, फसवणुकीने बुडालेल्या थोड्याच, असे त्यांना दिसले. मिशिगनपुरते जुने मत बऱ्याच अंशी टिकते. इतर राज्यांबाबत रोलनिक–वेबर यांचे विवेचन पुराव्याला अधिक धरून आहे.

या वादात संग्राहकांच्या पेट्यांचाही हात आहे, याकडे अर्थशास्त्रज्ञांचे फारसे लक्ष गेलेले नाही. सचोटीची बँक कारभार आवरताना आपल्या नोटा परत घेई, त्यांची रक्कम देई आणि नोटा जाळून टाकी. अशा बँकेची नोट आज दुर्मिळ असते, कधी एकही उरलेली नसते. बुडालेल्या बँकेची नोट परत घ्यायला कोणीच नव्हते, म्हणून ती घरोघर पडून राहिली. ऱ्होड आयलंडमधील ग्लॉस्टर येथील फार्मर्स एक्स्चेंज बँक १८०९ मध्ये बुडाली. देशातील हे पहिले बँक-दिवाळे मानतात. तिजोरीत त्या वेळी जेमतेम ८६ डॉलरची रोकड निघाली आणि बाहेर लाखो डॉलरच्या नोटा फिरत होत्या. त्या नोटा आजही बाजारात सहज दिसतात. तेव्हा संग्रहांवरून त्या काळाचे चित्र काढू पाहणाऱ्याला बुडीत बँकाच अधिक दिसणार, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बट्टा व नोटपत्रके : दूरच्या बँकेची नोट पूर्ण किमतीला कोणी घेत नसे. हुंडी पटवताना सराफ कापी तसाच बट्टा तिच्यावर बसे आणि तो अंतर, बँकेची पत व अफवा यांवर ठरे. बॉस्टनच्या सफोक बँकेने १८२० च्या दशकापासून न्यू इंग्लंडमधील नोटा दर्शनी किमतीला वटवण्याची व्यवस्था चालवली, म्हणून त्या भागातील नोटांवर बट्टा कमी. इतरत्र दुकानदार गल्ल्याशेजारी नोटपत्रके ठेवीत. त्यांत बँकांची नावे, बट्ट्याचे दर आणि माहीत असलेल्या खोट्या नोटांची वर्णने असत. १८४२ पासून निघणारे जॉन थॉम्प्सन यांचे पत्रक विशेष प्रसिद्ध. हेच थॉम्प्सन पुढे १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या चेस नॅशनल बँकेचे संस्थापक झाले. खोट्या नोटांचे वर्ग संग्राहकांनी या पत्रकांवरूनच घेतले : हुबेहूब नकल केलेल्या, बुडालेल्या बँकेचे नाव खरवडून चालू बँकेचे घातलेल्या, एकाच्या जागी दहा करून किंमत चढवलेल्या, आणि खऱ्या नोटेशी काहीच साम्य नसलेल्या, निव्वळ कल्पित. त्या काळच्या या खोट्या नोटाही आज स्वतंत्रपणे जमवल्या जातात व सूचीत त्यांना क्रमांक असतो.

मुद्रण : सुरुवातीच्या नोटा तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापत. तांबे लवकर झिजे आणि पत्रा पुन्हा कोरताना रेषा बदलत. मग खरी नोट कोणती, हेच सांगता येत नसे. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्टच्या जेकब पर्किन्स यांनी पोलादी पत्रे वापरात आणले. मऊ केलेल्या पोलादावर चित्र कोरायचे, पोलाद कडक करायचे, त्यावर मऊ पोलादाचा रूळ दाबून उठाव घ्यायचा, रूळ कडक करून तो हव्या त्या पत्र्यावर फिरवायचा, अशी ही रीत. यामुळे एकच चित्र कितीही पत्र्यांवर तंतोतंत उठवता येऊ लागले. एकच शेतकरी, तेच आगगाडीचे इंजिन, तीच धान्यदेवता मेनपासून जॉर्जियापर्यंतच्या नोटांवर का भेटते, याचे उत्तर या रीतीत आहे. एसा स्पेन्सर यांच्या भूमितीय चरकाने गुंतागुंतीची वलये कोरता येऊ लागली. ती हाताने उतरवणे जवळजवळ अशक्य होते. ॲशर ब्राउन ड्युरंड हे पुढे निसर्गचित्रकार म्हणून नावाजलेले कलावंत आधी नोटांचे उत्कीर्णक होते. दक्षिणेतील नोटांवर कापूस वेचणारे, बोजे वाहणारे गुलाम दाखवलेले असतात, तेही समाधानी चेहऱ्याने. ही चित्रे आता गुलामगिरीच्या इतिहासाची साधने म्हणून अभ्यासली जातात.

छायाचित्रणाने नवे संकट आणले. तेव्हाच्या काचेवर रंगीत शाई काळीच उमटे, म्हणून मुद्रकांनी काळ्या रेषांवर लाल वा अन्य रंगाचे ठसे दिले. पण खोटी नोट करणारे रंग रसायनाने धुऊन काढीत, उरलेल्या काळ्या चित्राचे छायाचित्र घेत आणि रंग पुन्हा भरीत. आम्ल व अल्क या दोहोंना दाद न देणारी क्रोमियम ऑक्साइडची हिरवी शाई यावर उपाय ठरली. तिचा शोध सामान्यतः माँट्रिऑलचे रसायनज्ञ थॉमस स्टेरी हंट यांच्याकडे दिला जातो. सात मुद्रणसंस्था एकत्र येऊन १८५८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बँक नोट कंपनीने ही शाई वापरली. यादवी युद्धातील सरकारी 'ग्रीनबॅक' नोटांचा हिरवा रंग या परंपरेतला आहे.

किमती व स्क्रिप : तीन डॉलरची नोट त्या काळी नित्याची होती. एक डॉलर २५, ५० वा ७५ सेंट अशाही नोटा आढळतात. सव्वासहा आणि साडेबारा सेंटच्या चिठ्ठ्या नवख्याला चमत्कारिक वाटतात, पण त्यामागे स्पॅनिश रिआल आहे. आठ रिआलांचा एक डॉलर, म्हणून एक रिआल साडेबारा सेंटांचा व अर्धा सव्वासहाचा. स्पॅनिश नाणी फेब्रुवारी १८५७ च्या कायद्यापर्यंत अमेरिकेत अधिकृतपणे चालत होती.

नाणी दडवली गेली की स्क्रिप उगवते, असा क्रम दोन वेळा ठळक दिसतो. १८३७ च्या अरिष्टात दुकानदार, नगरपालिका व कालवा कंपन्यांनी ढिगाने चिठ्ठ्या काढल्या. लोक त्यांना तुच्छतेने 'शिनप्लास्टर' म्हणत. १८६२ मध्ये यादवी युद्धामुळे चांदीची नाणी नाहीशी झाली, तेव्हा टपालाची तिकिटेच सुटे म्हणून फिरू लागली. जॉन गॉल्ट यांनी अभ्रकाखाली तिकीट बसवलेल्या पितळी चकत्यांचे एकस्व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घेतले. १७ जुलै १८६२ च्या कायद्याने सरकारी टपाल-चलनाला परवानगी दिली आणि एक डॉलरहून कमी किमतीच्या खाजगी चिठ्ठ्यांना बंदी केली. बंदीचे पालन सर्वत्र सारखे झाले नाही. नंतरची तारीख असलेल्या चिठ्ठ्या मिळतात. सैन्याबरोबर फिरणाऱ्या सटलर व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या हा लहानसा, पण मागणी असलेला वर्ग.

ओहायोतील कर्टलंड सेफ्टी सोसायटीच्या १८३७ च्या नोटा मॉर्मन पंथामुळे वेगळ्या पडतात. काहींवर पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांची सही आहे. संस्था वर्षभरात बुडाली, पण १८४९ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात नाण्यांची टंचाई पडली तेव्हा उरलेल्या नोटा पुन्हा चलनात आणल्या गेल्या.

राज्य बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसवणारा कायदा मार्च १८६५ मध्ये झाला, १८६६ मध्ये लागू झाला आणि १८६९ मध्ये व्हीझी बँक खटल्यात वैध ठरला. करामुळे नोटा काढणे परवडेना.

संग्रहण व सूची : दक्षिणेकडील बंडखोर राज्यसंघाच्या नोटा युद्ध संपताच जमवल्या जाऊ लागल्या. राज्य बँकांच्या नोटांकडे लक्ष नंतर गेले. पेनसिल्व्हेनियाचे डी. सी. विस्मर यांनी १९२२ पासून राज्यवार याद्या प्रसिद्ध केल्या. सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्स (स्थापना १९६१) या संस्थेने त्या याद्यांचे काम पुढे नेले. जेम्स हॅक्स्बी यांची चार खंडांची सूची १९८८ मध्ये आली व तिचे क्रमांक रूढ झाले. नोट छापली गेली असावी, पण शिल्लक प्रत पाहण्यात नाही, हे दाखवण्यासाठी तिच्यात 'एसईएनसी' ही खूण आहे. तिच्या प्रसिद्धीनंतर दोन वर्षांतच अमेरिकन बँक नोट कंपनीचे दप्तर न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात निघाले आणि अशा अनेक नोटांचे चाचणी ठसे उजेडात आले. स्क्रिपची सूची यापेक्षा बरीच मागे आहे. ती राज्याराज्यांतील अभ्यासकांच्या उत्साहावर अवलंबून राहिली आहे.

नोट हातात घेतल्यावर पहिला प्रश्न असतो तो ती सही होऊन चलनात गेली की नाही हा. न्यू ऑर्लिन्सच्या कॅनल बँकेच्या वा न्यू जर्सीतील स्टेट बँक ॲट न्यू ब्रन्सविकच्या बिनसहीच्या कोऱ्या नोटा अखंड तावांत मिळतात. दिसायला त्या सुरेख, पण दुर्मिळ मुळीच नाहीत. दुर्मिळता आणि किंमत यांचे नाते या क्षेत्रात सैल आहे. प्रकार हजारो आणि प्रत्येक गावाचे संग्राहक मोजके, म्हणून जगात एकच प्रत माहीत असलेली नोटही काही शे डॉलरना जाऊ शकते. याउलट सरकारी नोटांच्या ठरीव मालिकेतील रिकामी जागा भरायला अनेकजण टपलेले असतात. मागील शून्यांच्या आकारामुळे 'ग्रँड वॉटरमेलन' म्हणवली जाणारी १८९० ची हजार डॉलरची एक नोट जानेवारी २०१४ मध्ये ३२ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली.

खोटेपणा : बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची ८८९४ क्रमांकाची हजार डॉलरची नोट दाखवून किंमत विचारणारे लोक आजही विक्रेत्यांकडे येतात. पिवळट कडक कागदावरची ती स्मरणिका-प्रतिकृती असून तिच्या असंख्य प्रती आहेत. जुन्या पत्र्यांवरून नंतर छापलेल्या प्रती ओळखणे याहून कठीण. तेथे कागद हाच आधार. हेतुपुरस्सर फसवणुकीचे सर्वांत गंभीर प्रकरण युटाचे. सॉल्ट लेक सिटीचा मार्क हॉफमन याने १९८० च्या दशकात मॉर्मन कागदपत्रांबरोबर १८४९ च्या हस्तलिखित नोटा व स्पॅनिश फोर्क येथील सहकारी दुकानाच्या चिठ्ठ्याही बनवल्या. बिंग फुटण्याच्या भीतीने त्याने १९८५ मध्ये बाँबस्फोट घडवून दोघांचा जीव घेतला. तेव्हापासून मॉर्मन चिठ्ठी घेताना ती कोणाकोणाच्या हातून आली, याचा १९८० पूर्वीचा माग विचारला जातो.

जतन : त्या काळच्या सह्यांची शाई लोहयुक्त व आम्लधर्मी असल्याने अनेक नोटांवर सहीच्या रेषेवरच कागद खाल्लेला दिसतो. चिकटपट्टीने केलेली डागडुजी पुढे डाग पाडते व दर्जा उतरवते. दर्जा आता १ ते ७० गुणांच्या श्रेणीने मोजतात आणि तटस्थ संस्थांकडून तो ठरवून नोट पॉलिएस्टरच्या पाकिटात बंद करून घेण्याची प्रथा २००५ नंतर रुळली. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेचा राष्ट्रीय नाणकसंग्रह व न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा (स्थापना १८५८) संग्रह अभ्यासकांना उपलब्ध आहेत.