हडसन नदी आपोआप शुद्ध होते का?

"गाळ ढवळू नका, नदी स्वतःच शुद्ध होईल," असं न्यूयॉर्कच्या हडसन नदीबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हा गैरसमज आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९७७ पर्यंत नदीत गेलेलं पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन सहजासहजी नष्ट होत नाही. ते गाळाला चिकटतं, गाळातल्या किड्यांत शिरतं आणि शेवटी माशांच्या चरबीत साठतं. म्हणूनच २००९ ते २०१५ दरम्यान नदीचा तळ उपसावा लागला, पाणवनस्पती पुन्हा लावाव्या लागल्या.

या सफाईबाबत नदीकाठच्या लोकांचा एक सल्लागार गट आहे. तो नुसता शोभेचा आहे असं म्हणतात, तेही मला पटत नाही. अंतिम निर्णय सरकारी पर्यावरण संस्थेचाच. पण गाळाचे, माशांचे आकडे गटापुढे येतात आणि नदीकाठचे लोक तिथे जाब विचारू शकतात. विचारायलाच हवा: ट्रॉय धरणाच्या वरच्या पट्ट्यात पकडलेला मासा अजूनही पाण्यात परत सोडावा लागतो.