काळ्या जमिनीत पाणी किती वेगाने मुरते?

मे महिन्यात पुण्यात वळीव कोसळला की वेताळ टेकडीच्या उतारावरून थोड्याच वेळात गढूळ ओहोळ धावू लागतात. तहानलेल्या जमिनीवरून पाणी वाहून जावे याचे नवल वाटते खरे. पण पावसाचा वेग जमिनीच्या जिरवण्याच्या वेगापेक्षा वाढला की जादा पाणी वाहणारच, आणि जमिनीचा हा वेग पाऊस चालू असतानाच घटत जातो.

कोरड्या मातीत पाणी गुरुत्वाकर्षणाने तर उतरतेच, शिवाय कणांमधल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने त्याला आत ओढतात. भिजलेला थर जाड होत गेला की हीच ओढ अधिक लांबीवर विभागली जाते, म्हणून वेग मंदावतो आणि शेवटी केवळ गुरुत्वाच्या जोरावरचा स्थिर वेग उरतो.

ऑस्ट्रेलियातील ग्रीन आणि अँप्ट यांनी १९११ मध्ये हे सोप्या गणितात बसवले. वर पूर्ण भिजलेली माती, खाली कोरडी आणि मध्ये स्पष्ट सीमारेषा, असे त्यांनी गृहीत धरले. समजा, स्थिर वेग ताशी ३ मिमी आहे, ओढ २०० मिमी उंचीच्या पाण्याइतकी आहे आणि मातीत ३० टक्के जागा रिकामी आहे. या सूत्रानुसार १० मिमी पाणी मुरल्यावर वेग ताशी २१ मिमी असतो, ६० मिमी मुरल्यावर अवघा ६. रिचर्ड्स यांचे १९३१ चे समीकरण अधिक काटेकोर आहे, पण त्यासाठी मातीची इतकी माहिती लागते की शेताच्या बांधावर मला जुनेच सूत्र अधिक कामाचे वाटते.

त्यातला स्थिर वेग मोजायला एकात एक अशी दोन लोखंडी कडी जमिनीत ठोकतात. आतले साधारण ३० सेंमी व्यासाचे, बाहेरचे ६० सेंमीचे. दोन्हींत पाणी भरून आतल्या कड्यातली पातळी किती उतरते ते पाहतात. बाहेरच्या पाण्यामुळे आतले पाणी आडवे न पसरता बहुतांशी खाली जाते.

मात्र मुळा-मुठेच्या खोऱ्यातली काळी जमीन या गणिताला चकवते. तिच्यातली चिकणमाती उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट खोलवर उतरते. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की त्याच वावरात पाणी तासन्तास साचून राहते. त्यामुळे अशा जमिनीचे प्रतिमान करताना भेगांत मावणारे पाणी वेगळे धरून मगच सूत्र लावावे लागते, आणि कड्यांची मोजणी मे महिन्यात एकदा व ऑगस्टमध्ये पुन्हा करावी लागते.