लहान विमानांतील छुपे क्षरण

जुन्या लहान विमानांच्या सांगाड्यात नजरेआड धातू खात जाणारे क्षरण, आणि ते हुडकून काढण्याच्या देखभालीतील पद्धती. आज उडणारी सेसना, पायपर, बीचक्राफ्ट अशी अनेक विमाने १९५० ते १९८० च्या दरम्यान बांधलेली आहेत. ती इतकी वर्षे चालतील असे तेव्हा धरलेले नव्हते. त्यामुळे बऱ्याच विमानांच्या पत्र्यांना आतून प्राइमरही लावलेला नसे.

या विमानांचा पत्रा बहुधा २०२४ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. त्यातल्या सुमारे ४ टक्के तांब्याने बळकटी येते, पण क्षरणाला तोंड देण्याची ताकद घटते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. रिव्हेटसाठी भोक पाडले किंवा कड कापली की तो थर तिथे तुटतो. पंखाचा भार पेलणाऱ्या स्पारचे जाड भाग साच्यातून दाबून काढलेल्या (एक्स्ट्रूड केलेल्या) सळ्यांतून किंवा घडाई करून बनवतात. त्यांना असा थर नसतोच, आणि नेमके तेच भाग सर्वांत मोलाचे.

ॲल्युमिनियमच्या क्षरणातून पांढरट-करडी भुकटी तयार होते. तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून दोन रिव्हेटांमधला पत्रा किंचित फुगतो. जाड भागांत धातूचे पापुद्रे सुटतात. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकला की समोरून सपाट दिसणारा पत्रा लाटालाटांचा दिसू लागतो. रंगाखाली बारीक वेड्यावाकड्या रेघा उमटल्या असतील, तर क्षरण रंगाच्या आडून पसरत आहे असे समजावे.

शोधाची खरी सुरुवात मात्र आतून होते. आसने, गालिचे, छताचे अस्तर आणि तपासणीची झाकणे काढल्याशिवाय केलेली पाहणी अपुरीच. केबिनच्या पत्र्याला चिकटवलेले उष्णतारोधक अस्तर पाणी धरून ठेवते. बॅटरीच्या पेटीखालचा भाग, एक्झॉस्टचा धूर लागणारे पोट, बुजलेली निचऱ्याची भोके आणि उंदरांची घरटी (त्यांचे मूत्र धातूला फार वाईट) या नेहमीच्या जागा. मुंबईतल्या जुहूसारख्या समुद्रालगतच्या धावपट्टीवर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानांना खाऱ्या हवेचाही त्रास असतो. 'फार कमी तास उडालेले' ही विक्रीच्या जाहिरातीतली खूण खरेदीदाराला आश्वासक वाटते, पण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या विमानाकडे अधिक संशयानेच पाहावे: क्षरण उड्डाणाचे तास मोजत नाही.

पोलादी नळ्यांच्या विमानांत गंज नळीच्या आतून लागतो. पायपर कबसारख्या विमानांच्या पंखांना खालून आधार देणाऱ्या स्ट्रटच्या तळाशी पाणी साचते. वरचा रंग शाबूत असतानाही भिंत पातळ होत जाते. अमेरिकेत १९९३ मध्ये निघालेल्या निर्देशानंतर अशा स्ट्रटवर स्प्रिंगच्या टोकदार हत्याराने ठरावीक दाब देऊन खड्डा पडतो का ते पाहू लागले. अल्ट्रासॉनिक यंत्राने भिंतीची जाडी मोजता येते. बोरस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) अडचणीच्या जागा दाखवतो, पण फक्त पृष्ठभाग. बारीक भेगांसाठी एडी करंट तपासणी (धातूत विजेचे भोवरे निर्माण करून भेग ओळखण्याची पद्धत) लागते.

तिची गरज २६ मे २०१९ रोजी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधील माउंट आयझाजवळ दिसली. सर्वेक्षणासाठी उडणाऱ्या, सत्तरच्या दशकात बांधलेल्या सेसना टी२१०एम विमानाचा पंख हवेतच तुटला आणि त्यातील दोघे वैमानिक दगावले. केबिनमधून आडव्या जाणाऱ्या, दोन्ही पंख जोडणाऱ्या स्पारमध्ये श्रांतीची (वारंवारच्या ताणाने धातू थकून पडणारी) भेग वाढत गेली होती, आणि तिचा उगम क्षरणाच्या एका बारीक खड्ड्यात होता. २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने या जातीच्या विमानांच्या त्या स्पारची डोळ्यांनी व एडी करंटने तपासणी सक्तीची केली.

क्षरण सापडल्यावर ते पूर्ण खरवडून उरलेली जाडी मोजतात. ती निर्मात्याच्या मर्यादेखाली गेली असेल तर भाग बदलावा लागतो. मर्यादेत असेल तर रासायनिक प्रक्रिया, प्राइमर आणि पोकळ जागांत क्षरणरोधक तेलाची फवारणी करतात. तेल काही काळाने पुन्हा मारावे लागते.